हवामानबदल, बदलाला होणारा विरोध आणि तंत्रज्ञानाची आशा

मराठीत 'हवामान' हा एकच शब्द दोन कामे करतो. 'आज हवामान ढगाळ आहे' या वाक्यातील हवामान एका दिवसाचे असते, तर 'खानदेशचे हवामान उष्ण व कोरडे आहे' यातील हवामान अनेक दशकांच्या सरासरीचे असते. 'हवामानबदल' या संज्ञेत दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. पण ऐकणारा पहिला अर्थ घेतो आणि 'हवामान तर रोजच बदलते' असे म्हणून मोकळा होतो.

यावरून शेतकरी बदलालाच विरोध करतो, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. गिरणाकाठचा भडगाव परिसर पाहा. येथील केळी आणि कापूस उत्पादकांनी ठिबक सिंचन स्वीकारले, उतिसंवर्धित रोपे स्वीकारली. २००२ मध्ये परवानगी मिळालेले बीटी कापसाचे बियाणे तर काही वर्षांतच सर्वत्र पसरले. विकत आणून आपल्या शेतात लावता येते, त्याला विरोध फारसा होत नाही.

विरोध होतो तो निराळ्या ठिकाणी. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे मिळत असे. ते शेताच्या कडेने पेरावे, त्यावर वाढलेल्या अळ्यांच्या पतंगांचे प्रतिकारक्षम पतंगांशी मीलन व्हावे आणि अळीची प्रतिकारक्षमता लांबणीवर पडावी, अशी योजना होती. बहुतेकांनी ते पेरलेच नाही. पेरणाऱ्याचे तेवढे उत्पन्न बुडे, आणि शेजाऱ्याने न पेरल्यास लाभही पुरता हाती येत नसे. शिवाय मे महिन्यातील लागवड आणि फरदड यांमुळे अळीला दीर्घकाळ खाद्य मिळाले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाची मोठी हानी केली.

बियाणे नवे होते. त्याच्यासोबत सर्वांनी मिळून पाळायचा नियम मात्र रुजला नाही. पाऊस लहरी होत असताना पाण्याबाबत हीच अडचण येते. तिच्यावरील एक जुना उपाय धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर होता. फड पद्धतीत बंधाऱ्याखालील गावाची जमीन फडांत विभागलेली असे, एका फडात एकच पीक घेतले जाई आणि पाटकरी पाणी देत असे. पाणी कमी असले की भिजवायच्या फडांची संख्या कमी होई. साधारणतः प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने टंचाईचा भार सर्वांवर पडे. (शेतकऱ्याला पीक स्वतः निवडता येत नसे, हेही तिचे गोडवे गाताना सांगितले पाहिजे.) वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि पंप वाढले, तशी ही पद्धत मागे पडली.

आता आशेचा विचार करू. 'दुष्काळ सोसणारे वाण येईल', 'हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारी यंत्रे येतील', अशी वाक्ये आपण नेहमी ऐकतो. वाण येईलही, त्यावर संशोधन चालू आहे. कार्बन डायऑक्साइडचा मोठा अंश मात्र वातावरणात शेकडो वर्षे टिकतो, त्यामुळे वाट पाहण्याच्या काळात सोडलेला वायू साचतच राहतो. या वाक्यांचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. 'येईल' या क्रियापदाचा कर्ता वाण किंवा यंत्र असते; बोलणारा वाक्यात कोठेच नसतो. 'पाणी वाटून घेऊ' या वाक्यात तो असतो, आणि एकटाही नसतो.

स्वाध्याय : आपल्या गावातील पाऊसपाण्याविषयीच्या संभाषणांतून भविष्यकाळी दहा वाक्ये टिपून घ्या. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण आहे, ते लिहा.