पोवाड्याची वीण आणि खांदेरीची लढाई

युरोपात बाराव्या शतकापासून शूर सरदारांच्या साहसकथांना फार मोठा श्रोतृवर्ग मिळाला. या कथांना ‘रोमान्स’ म्हणतात. पण त्यांत प्रेमप्रकरण असलेच पाहिजे असे नाही. मांडणी मात्र बहुधा ठरलेली. दरबारात सण चालू असतो, कुणी तरी आव्हान घेऊन येतो, एक वीर शब्द देतो आणि घर सोडतो. वाटेत अद्भुत प्राणी, राक्षसी प्रतिस्पर्धी, मोहाचे प्रसंग. शेवटी तो परततो. चौदाव्या शतकातल्या सर गवेनच्या इंग्रजी काव्यात तर ऐन नाताळच्या मेजवानीत एक हिरवा घोडेस्वार शिरतो आणि म्हणतो, आज तू माझ्यावर घाव घाल, वर्षाने मी तुझ्यावर घालीन. सगळे काव्य या एका शब्दावर उभे आहे.

आता शाहीर तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा आठवून पाहा. जिजाऊसाहेब सोंगट्यांचा डाव जिंकतात आणि कोंढाणा मागतात. इकडे उमरठ्याला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्यात, रायबाच्या लग्नाची गडबड. महाराजांचा निरोप येतो आणि लग्न मागे राहते. मग कड्यावरून माघारी फिरणारी घोरपड आणि तिला दम भरणारा तानाजी! गडावर आधी चंद्रावळी हत्ती, मग सिद्दी हिलाल, मग उदेभानाचे मुलगे आणि शेवटी खुद्द उदेभान. चढती भांजणीच म्हणा ना. शाहिराने काही फ्रेंच कथा वाचल्या नव्हत्या. पण समोरच्या माणसाला रात्रभर बसवून ठेवायचे, ही दोघांचीही गरज. फरक एकच, पण मोठा: गवेन परत येतो, तानाजी येत नाही.

४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री गड घेतला गेला, तानाजी आणि उदेभान दोघेही पडले, हा इतिहास. घोरपड ही कथेची गरज. सिंहगड हे नावसुद्धा त्या रात्रीच्या आधीच्या पत्रांत सापडते. म्हणून पोवाडा खोटा ठरत नाही; त्याला कशाचे मोल वाटत होते ते त्यातून कळते.

ही वीण काय काय गाळते, ते मात्र किहीमच्या किनाऱ्यावर उभे राहिले की ध्यानात येते. समोर खांदेरी आणि उंदेरी. १६७९च्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटाचे काम सुरू केले. मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला जहाजांचा गराडा घातला. मराठ्यांची हलकी गलबते अंधारात त्यातून निसटून माणसे आणि रसद पोचवत राहिली. ऑक्टोबरात इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज पकडले गेले. जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. तोवर उंदेरीवर सिद्दी येऊन बसला होता.

एवढे सगळे घडले, पण तानाजीसारखा घरोघर पोचलेला पोवाडा काही खांदेरीच्या वाट्याला आला नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. इथे एक रात्र नाही, चार-पाच महिने आहेत. द्वंद्व नाही, गवंडी, खलाशी, तांडेल यांचे रोजचे काम आहे. एका वीराभोवती फिरणाऱ्या कथेत ही माणसे मावत नाहीत.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत खांदेरी आहे, सिंहगड नाही.