विमानाचे तिकीट : एक करारपत्र

कामगार चळवळीतल्या माणसाने विमानप्रवासावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु माझी उमर करारपत्रे वाचण्यात गेली आहे. शाळा लवकर सुटली. जे थोडे वाचता येते ते मालकांनी पुढे केलेले कागद वाचूनच आले. विमानाचे तिकीट हाही तसलाच कागद आहे. त्यात एक पक्ष कंपनी, दुसरा पक्ष आपण. कंपनीचा पक्ष अटी पाठ करून बसलेला असतो, आणि आपण मात्र फक्त वेळ आणि किंमत पाहतो. आज विमानात आखाताला जाणारा सुतार बसतो, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई बसते. तेव्हा हा विषय श्रीमंतांचा राहिलेला नाही.

उदाहरणाला एअर इंडिया घेऊ. १९३२ साली जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले, तिथून तिचा उगम. १९५३ च्या कायद्याने सरकारने नऊ कंपन्या ताब्यात घेऊन दोन महामंडळे केली : परदेशासाठी एअर इंडिया, देशासाठी इंडियन एअरलाइन्स. तो कायदा १९९४ साली रद्द झाला, २००७ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या, आणि जानेवारी २०२२ मध्ये सरकारने ती टाटांना विकली. तिला 'राष्ट्रीय' म्हणतो ते आता सवयीने. हा व्यवहार मला पटलेला नाही, पण तो वाद वेगळ्या सभेचा.

पूर्ण सेवेची कंपनी म्हणजे जिच्या भाड्यातच सामान आणि जेवण धरलेले असते ती. स्वस्त कंपनी नुसती बैठक विकते, बाकी सारे वेगळे. म्हणून दोन किमती समोरासमोर ठेवताना स्वस्त कंपनीच्या भाड्यात सामानाचा आणि जेवणाचा आकार मिळवूनच बेरीज करावी. दुसरी गोष्ट, एअर इंडिया एक्स्प्रेस ही त्याच घरातली, पण स्वस्त जातीची कंपनी आहे. नाव जवळचे, अटी निराळ्या. शिवाय तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसरीचे, असेही घडते. प्रत्यक्ष विमान कोण चालवणार, ही ओळ तिकिटावर बारीक अक्षरात असते. ती आधी वाचावी. पूर्ण सेवेतही पायऱ्या पडल्या आहेत. २०२४ साली एअर इंडियाने देशांतर्गत सर्वांत स्वस्त तिकिटावरचे मोफत सामान २० किलोवरून १५ किलोवर आणले.

आता भाडे. एकाच रांगेतल्या तिघांनी तीन किमती दिलेल्या असतात. विमानातल्या जागा कागदावर निरनिराळ्या भावांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. स्वस्त कप्पा भरला की पुढचा उघडतो. समजा, स्वस्त कप्प्यात तीनच जागा उरल्या आहेत आणि तुम्ही चार तिकिटे एकदम मागितली, तर यंत्र बहुधा चारही तिकिटांना वरचा भाव लावते. म्हणून कुटुंबाचे तिकीट काढताना आधी एका माणसाचा भाव पाहावा आणि मग चौघांचा. फरक दिसला तर तीन आणि एक असे वेगळे काढावे. सोमवार सकाळ आणि शुक्रवार संध्याकाळ महाग, कारण त्या वेळी प्रवास करणाऱ्यांचे पैसे बहुधा त्यांची कचेरी भरते. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी यांचे तिकीट तारीख ठरताच काढावे.

परंतु या पद्धतीत एक अन्याय आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. उशिरा येणारा गिऱ्हाईक गरजवंत असतो, हे कंपनीला पक्के ठाऊक असते. साहेबाला उशीर झाला तर कचेरी भरते. बाप वारल्याची तार यावी तसा फोन आला, आणि मुलाला त्याच रात्री निघायचे असले, तर तोही त्याच कप्प्यात जातो. महिन्याचा पगार एका बैठकीला जातो. बाजारात याला हुशारी म्हणतात. मला दुसरा शब्द सुचतो.

रद्द केलेल्या तिकिटाबद्दल फार गैरसमज आहेत. आमच्या एका सभासदाने पुण्याहून दिल्लीची तीन तिकिटे काढली होती. जाणे रहित झाले, आणि दलालाने 'परताव्याचे तिकीट नाही, एक पैसा मिळणार नाही' असे सांगून वाटेला लावले. हे खरे नव्हते. भाडे बुडाले तरी सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत द्यावेच लागतात. २०१६ च्या नियमांत तसे स्पष्ट आहे. तिकीट दलालाकडून घेतले असले तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच. आम्ही पत्र लिहिले, पैसे आले. रक्कम मोठी नव्हती, पण त्याच्या घरचा आठवड्याचा बाजार तेवढ्यात झाला.

जोडप्रवासात सर्वांत मोठे नुकसान होते. नागपूरहून मुंबई आणि पुढे लंडन, असा प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावा. पहिले विमान उशिरा आले आणि पुढचे चुकले, तर कंपनीला तुमची सोय पाहावी लागते. दोन वेगळी तिकिटे असली तर दुसरी कंपनी खांदे उडवते. मात्र नागपूर-मुंबई टप्पा सोडून रेल्वेने येऊ आणि मुंबईहून चढू, असे करू नका. पहिला टप्पा चुकवला की पुढचे सारे तिकीट बहुधा रद्द होते. शक्य तेव्हा सकाळचे विमान घ्यावे. तेच विमान दिवसभर फिरते आणि उशीर साचत जातो. फक्त डिसेंबर-जानेवारीतली दिल्लीची सकाळ टाळावी, तिथे धुके असते.

हक्कांचेही तसेच. हातात पक्के तिकीट असून, वेळेवर पोचूनही जागा नाही म्हणून अडवले, आणि तासाभरात दुसरे विमान दिले नाही, तर भरपाई आहे. २०१६ साली सुधारलेल्या नियमांनुसार चोवीस तासांच्या आत सोय केल्यास मूळ भाडे व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल २०,०००. विमान रद्द झाल्याचे वेळेत कळवले नाही तरी भरपाई मिळते, पण तुमचा संपर्क कंपनीकडे असला तरच. दलाल स्वतःचाच फोन क्रमांक घालतात. तिथे स्वतःचा क्रमांक घालायला लावा, नाहीतर भरपाईचा हक्कच जातो.

वादळ, दंगल, सरकारी हुकूम अशा कारणांनी विमान रद्द झाले तर ही भरपाई नाही. त्या यादीत संपही घातला आहे. मालकाने कामगारांना संपापर्यंत ढकलावे आणि मग तो संप वादळासारखा आपल्या हाताबाहेरचा म्हणावा, हे कलम लिहिणाऱ्याला कसे सुचले कोण जाणे. तक्रार करायची तर आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी करावी. दाद न लागल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' या सोयीकडे जावे. सोबत तिकिटाची प्रत, बोर्डिंग पास आणि वाट पाहताना केलेल्या खर्चाच्या पावत्या जोडाव्यात.