चौदा किलोमीटर आणि सत्तर शून्यं

नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिश उभ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. निम्म्याहून अधिक डिश तीन भुजांवर विखुरलेल्या. टोकाच्या डिशपासून केंद्र सुमारे १४ किलोमीटर. एवढ्या लांबून सिग्नल कोॲक्सिअल केबलनं आणायचा ठरवला असता तर?

सेंटिमीटरभर जाडीच्या चांगल्या केबलमध्ये १५० मेगाहर्ट्झला दर १०० मीटरमागे साधारण ५ डेसिबल लॉस होतो. डेसिबलची गंमत अशी की गुणाकार इथे बेरजेनं भागतो. १० डेसिबल गेले तर दहावा हिस्सा उरतो, २० गेले तर शंभरावा, ३० गेले तर हजारावा. आता १४ किलोमीटर म्हणजे शंभर-शंभर मीटरचे १४० तुकडे, प्रत्येकाचे ५: एकूण ७०० डेसिबल! एकावर सत्तर शून्यं देऊन जी संख्या होईल, तितक्या भागांतला एक भाग उरणार. अख्ख्या पृथ्वीतले अणू मोजले तरी पन्नासएक शून्यांवर काम भागतं.

जातं कुठे हे सगळं? उष्णतेत. उच्च वारंवारतेचा प्रवाह तांब्याच्या पोटातून जातच नाही, कातडीवरून सरकतो. १०० मेगाहर्ट्झला ही कातडी जेमतेम साडेसहा मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. वारंवारता चौपट केली की कातडी निम्मी होते, रोध दुप्पट होतो आणि डेसिबलही दुप्पट. म्हणून १५० चे ६०० मेगाहर्ट्झ झाले की ५ चे १० धरायचे. प्रत्यक्षात जरा जास्तच, कारण मधलं प्लास्टिकही आपला वाटा खातं आणि तो वारंवारतेच्या सरळ प्रमाणात वाढतो. शिवाय डेसिबल दुप्पट म्हणजे नुकसान दुप्पट, असं मात्र समजू नये: ३० चे ६० झाले की हजारावा हिस्सा थेट दहा लाखावा होतो.

जीएमआरटीनं लांबच्या वाटेसाठी प्रकाशतंतू घातले. त्यांत किलोमीटरमागे अर्ध्या डेसिबलहूनही कमी जातं. चौदा किलोमीटरला सातही नाहीत.

पण मला खरी थक्क करणारी जागा वाटते ती डिशवरची, जिथे केबल फार तर हातभर असते. लॉस होणारी प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार स्वतःही रेडिओ लहरी सोडते. ॲम्प्लिफायरच्या आधी केबलमध्ये फक्त ०.१ डेसिबल, म्हणजे शंभरातले दोन भाग गेले, तरी नेहमीच्या हवामानात ती जवळपास ७ केल्विनचा गोंगाट मिसळते. १४०० मेगाहर्ट्झला आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूरचं आकाश त्याहून थंड असतं! तेव्हा ती वीतभर तार आकाशापेक्षा मोठ्यानं बोलते. म्हणूनच पहिला ॲम्प्लिफायर वर, नाभीपाशी, फीडला लागूनच बसवतात. एकदा सिग्नल तिथे वाढला की खाली येताना काही डेसिबल गळले तरी चालतं.