घरचा स्विमिंग पूल आणि स्पा : अमळनेरच्या उन्हात, काळ्या मातीत काय पाहावे?

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. घरच्या पूलसाठी हे मध्यम माप झाले. त्यात पाणी मावते ४० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. राज्य सरकारने २०१८ मध्ये दुष्काळ जाहीर केलेल्या १५१ तालुक्यांत अमळनेर होते. तापीवरचा पाडळसे प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. अशा गावात नव्या बंगल्याच्या नकाशावर निळा चौकोन काढण्याआधी हा आकडा समोर ठेवलेला बरा.

अर्थात भरायचे पाणी एकदाच लागते. खरा हिशेब आहे उडून जाणाऱ्या पाण्याचा.

रोज किती पाणी उडते?

खान्देशच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, वर कोरडा वारा. उघड्या पूलमधून दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी ३२ चौरस मीटरच्या पूलमधून रोज सुमारे २५० लिटर जातात. महिन्याला साडेसात हजारांहून जास्त. म्हणजे भरउन्हाळ्यात दर महिन्याला पाऊण टँकर फक्त पातळी राखायला.

उपाय साधा आहे : झाकण. पूल कव्हर टाकलेले असते तेवढा वेळ बाष्पीभवन जवळजवळ थांबते, पाला आणि धूळही आत जात नाही. पण बरेच जण कव्हरचा विचार पूल झाल्यावर करतात. मग किडनीच्या किंवा नागमोडी आकाराच्या पूलवर रोलरचे कव्हर नीट बसत नाही. सरळ आयताकृती पूल फोटोत साधा दिसतो, पण इथल्या हवेला तोच शहाणा. कव्हरच्या रोलरसाठी एका टोकाला जागा नकाशातच सोडावी.

खोलीचेही तसेच. सूर मारायचा नसेल तर दोन मीटर खोली कशाला? सव्वा ते दीड मीटरमध्ये घरातले सगळे पोहतात आणि पाणीही बरेच कमी लागते.

बोअरचे पाणी चालेल का?

चालेल, पण आधी तपासून. पूलच्या पाण्यात कॅल्शियमचा जडपणा साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर असावा असे मानतात. खान्देशातल्या बऱ्याच बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. बादलीवरचा पांढरा थर घरोघरी दिसतो. पाणी उडते तेव्हा क्षार मागेच राहतात. बोअरच्या पाण्यात ४०० मिलिग्रॅम जडपणा असेल आणि महिन्याला साडेसात हजार लिटर तेच पाणी पुन्हा घातले, तर पूलमधला जडपणा महिन्याला ७५ मिलिग्रॅमने चढतो. मार्च ते जून या चार महिन्यांत ४०० चे ७०० होतात. बॅकवॉशमध्ये थोडे क्षार निघून जातात, पण पुरेसे नाही. मग टाईल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरी पट्टी, हीटरच्या कॉइलवर थर, पाणी गढूळ.

म्हणून बोअर आणि छतावरचे पावसाचे पाणी यांची सांगड घालावी. पावसाच्या पाण्यात जडपणा जवळपास नसतो, तेव्हा पावसाळ्यात टाकी भरून ठेवली तर उन्हाळ्यातली भर त्यातून घालता येते. नगरपरिषदेच्या नळावर पूल भरायचा विचार मात्र सोडून द्यावा. ते पाणी पिण्यासाठी आहे.

क्लोरीनचा प्रकारही पाणी पाहूनच ठरतो. कॅल्शियम हायपोक्लोराइट कॅल्शियम वाढवते, तेव्हा जड पाण्यात ते नको. ट्रायक्लोरच्या गोळ्या सोयीच्या. त्यांतून सायन्युरिक आम्लही मिळते. ते उन्हापासून क्लोरीन वाचवते, नाहीतर दुपारच्या उन्हात क्लोरीन काही तासांत संपते. पण ते ३० ते ५० मिलिग्रॅम असेपर्यंत ठीक; साचत गेले तर क्लोरीन असूनही काम करत नाही आणि काही पाणी बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सॉल्ट क्लोरिनेटर नावाची मशीन मिठापासून क्लोरीन बनवते. ४० हजार लिटरला तिला सुमारे १६० किलो मीठ लागते, आणि मग बॅकवॉशचे पाणी बागेला घालता येत नाही. पाणी टंचाईच्या गावात ही अडचण मोठी आहे. आम्ल आणि क्लोरीन कधीच एका कपाटात ठेवू नये; एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

पंप, फिल्टर : केळीवाल्याला हे माहीत आहे

तापीकाठच्या केळीबागांत ठिबकच्या डोक्याला सँड फिल्टर असतो. दाबमापकाचा काटा वर चढला की बॅकवॉश, आणि ड्रिपर चोंदू नयेत म्हणून अधूनमधून आम्लाची प्रक्रिया. घरच्या पूलची यंत्रणा हीच. त्यामुळे ठिबकची देखभाल करणारा इथला माणूस पूल सांभाळायला लवकर शिकतो.

फरक फक्त मापाचा. पूलमधले सगळे पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावे, असा घरगुती पूलचा सर्वसाधारण नियम आहे. ४० हजार लिटर भागिले सहा, म्हणजे तासाला सुमारे सात हजार लिटर. यासाठी ६०० मिलिमीटर व्यासाचा सँड फिल्टर आणि पाऊण ते एक एचपीचा पंप पुरतो. ठेकेदार दोन एचपी सुचवत असेल तर कारण विचारावे. मोठा पंप छोट्या फिल्टरमधून पाणी इतक्या वेगाने ढकलतो की घाण वाळूत अडकण्याऐवजी आरपार जाते. वीज जळते ती वेगळीच.

एक एचपीचा पंप बारा तास चालला तर रोज दहा-अकरा युनिट होतात. वेग बदलता येणारा पंप महाग असतो, पण त्याचे गणित पाहण्यासारखे आहे : वेग निम्मा केला तर प्रवाह निम्मा होतो आणि वीज मात्र सुमारे एक अष्टमांश लागते. पाईप ६३ मिलिमीटरचे घ्यावेत, ५० चे नकोत. पाईपच्या किमतीत फरक थोडा, पण घर्षणाचा भार आयुष्यभर पंपावर. वेगवेगळ्या मापांचे पीव्हीसी पाईप मिळवायला जळगाव जिल्ह्यात कुणाला लांब जावे लागत नाही.

काळी माती

हा खरा कसोटीचा मुद्दा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट टेकवलेला पूल एका बाजूने उचलला जातो, मग तडा. खणण्याआधी माती परीक्षण, काळा थर काढून मुरमाचे दाबलेले भरण, भोवती पाणी निचरण्याची सोय आणि पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठीच्या आयएस ३३७० प्रमाणे किमान एम-३० काँक्रीट, एवढे कागदावर लिहून घ्यावे. भरलेल्या पूलला आतले ४० टन पाणी खाली दाबून ठेवते. तोच पावसाळ्यात रिकामा केला तर बाहेरच्या पाण्याचा दाब त्याला वर ढकलतो. साफसफाईसाठी पूल ऑगस्टमध्ये उपसणे म्हणजे संकटाला बोलावणे. पंपाची खोलीही खड्ड्यात करू नये, पहिल्याच मोठ्या पावसात ती भरते. जमिनीवर सेल्फ-प्रायमिंग पंप बसवावा.

स्पा : लहान हौद, मोठी जबाबदारी

स्पा म्हणजे जेट लावलेला गरम पाण्याचा हौद. चार जणांच्या स्पामध्ये साधारण १,२०० लिटर पाणी असते. चौघे बसले तर माणशी ३०० लिटर. याच प्रमाणात ४० हजार लिटरच्या पूलमध्ये १३३ माणसे उतरावी लागतील. शिवाय पाणी गरम, म्हणजे जंतूंना सोयीचे. म्हणून स्पाचा फिल्टर आणि क्लोरीन वेगळे ठेवावे, पाणी महिना-दोन महिन्यांत बदलावे. तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

२५ अंशांचे १,२०० लिटर पाणी ३८ वर न्यायला सुमारे १८ युनिट वीज लागते. तीन किलोवॅटच्या हीटरला सहा तास. हीट पंपाला तेच काम चार-पाच युनिटमध्ये जमते. खान्देशात स्पाची खरी मजा डिसेंबर-जानेवारीतच, मे महिन्यात पूलचे पाणीच कोमट असते. दीड-दोन महिन्यांच्या हौसेसाठी गच्चीवरच्या सोलर हीटरला जोडलेला साधा हौदही चालून जातो.

जीवाचा प्रश्न

अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रेम बेकर २००२ मध्ये स्पाच्या तळाच्या जाळीशी पंपाच्या ओढीने चिकटली आणि बुडाली. तिच्या नावाने तिथे २००७ मध्ये कायदा झाला. त्यातला धडा इथेही लागू आहे : तळाला एकच जाळी नको. किमान दोन, एकमेकींपासून मीटरभर दूर, फुगीर झाकणाच्या. एक झाकली गेली तर पंप दुसरीतून पाणी ओढतो.

विजेचे कामही स्वस्तात उरकू नये. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचेच, पूलच्या सर्किटवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. भोवती किमान चार फूट उंच कुंपण, आपोआप बंद होणारे फाटक. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात पाय घसरून मुले बुडतात, तेव्हा बाहेर यायला धरायला काही नसते. पूलला दोन टोकांना पायऱ्या किंवा शिडी आणि कडेला धरता येईल असा काठ हवा.

परवानगीसाठी नकाशात पूल दाखवूनच नगरपरिषदेकडे जावे. काम दिवाळीनंतर, माती कोरडी असताना सुरू केलेले सोपे. टाईल्स लावण्याआधी पूल भरून सात दिवस पातळी पाहावी लागते. त्यासाठीही ४० हजार लिटर लागणारच. ते पाणी उपसून कुठल्या झाडांना किंवा टाकीला द्यायचे, हे ठेकेदाराशी आधीच बोलून ठेवावे.