निरोपाचा तास

शिमाने प्रांतातल्या एका लहान गावात तीन प्राथमिक शाळांमध्ये मी इंग्रजीची सहायक शिक्षिका होते. तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी कंपनीचा फोन आला. पुढच्या वर्षीचं कंत्राट दुसऱ्या कंपनीला गेलं होतं. ३१ मार्चला माझं काम संपणार होतं. फोन ठेवता ठेवता पलीकडच्या बाईंनी एक सूचना केली, "मुलांना इतक्यात काही सांगू नका."

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या प्रत्येक बदलीच्या वेळी घरात शाल, श्रीफळ आणि मुलांनी वर्गणी काढून घेतलेलं एखादं भिंतीवरचं घड्याळ येई. आमच्या घरात अशी तीन घड्याळं होती. त्यामुळे शिक्षक जातो तेव्हा मुलांना ते कळतं, एवढं मी गृहीत धरलं होतं. आता मला तेच लपवायचं होतं. उरलेल्या दिवसांत मी शाळेत रोजच्यासारखी शिकवत राहिले आणि रात्री, जपानी शाळा निरोप कसा देते, याचा शोध घेत बसले. जिज्ञासा होतीच, पण त्यामागे एक साधा प्रश्न होता : मी या शाळांची शिक्षिका होते की नव्हते?

बदल्यांचा महिना

मराठी वाचकाला जपानी प्राथमिक शाळा ठाऊक आहे ती बहुधा 'तोत्तोचान'मुळे. पण ती तोमोए शाळा खासगी होती, प्रयोगशील होती आणि १९४५च्या हवाई हल्ल्यात जळून गेली. आजची सर्वसाधारण सरकारी शाळा वेगळी असते. तिथे वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. सरकारी शिक्षक एका शाळेत कायमचा राहत नाही. शाळा गावाची असली तरी त्याची नेमणूक प्रांताचं शिक्षण मंडळ करतं आणि काही वर्षांनी त्याला दुसरीकडे पाठवतं. मार्चमध्ये बदलीची आतली सूचना मिळते, ती गुप्त ठेवायची असते. मग एका सकाळी स्थानिक वर्तमानपत्रात बदल्यांची पानंच्या पानं यादी छापून येते. पालक ती चहा घेताना वाचतात, तेव्हा बातमी फुटते.

त्यानंतर येतो 'रिनिन्शिकी', म्हणजे शाळा सोडून जाणाऱ्या शिक्षकांचा समारंभ. काही भागांत तो मार्चअखेरीस होतो, काही ठिकाणी एप्रिलमध्ये. शाळेच्या व्यायामगृहात जाणारे शिक्षक रंगमंचावर ओळीने उभे राहतात. मुख्याध्यापक एकेकाचं नाव आणि त्याच्या पुढच्या शाळेचं नाव सांगतात. शिक्षक दोन-चार वाक्यं बोलतात, मुलं फुलं देतात, शाळेचं गीत होतं आणि मग मुलांनी दोन्ही बाजूंनी केलेल्या वाटेतून शिक्षक बाहेर पडतात. एप्रिलमध्ये त्याच रंगमंचावर नवे शिक्षक उभे राहतात.

याआधीच सहावीच्या मुलांचा शाळा सोडण्याचा समारंभ होऊन गेलेला असतो. त्याच्या तालमी अनेक दिवस चालतात. किती वाकायचं, प्रमाणपत्र घेताना कोणता हात आधी पुढे करायचा, कोणत्या सुराबरोबर उठायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जातं. मुलं एकेक ओळ म्हणतात आणि शेवटची ओळ सगळे मिळून म्हणतात. पहिल्या वर्षी मला हे कवायतीसारखं वाटलं होतं. भावनेची तालीम कशी करता येईल, असा माझा आक्षेप होता. एका वयस्कर शिक्षिकेने मला शांतपणे सांगितलं, "तालीम रडण्याची नसते. रडू आलं तरी पुढचं पाऊल कुठे टाकायचं, याची असते."

सहायक म्हणजे कोण?

जपानच्या शाळांत परदेशी सहायक मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९८७पासून. त्या वर्षी 'जेट' ही सरकारी योजना सुरू झाली आणि अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. या योजनेतला करार एक वर्षाचा असतो आणि फार तर पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. म्हणजे जाण्याची तारीख येण्याच्या दिवशीच ढोबळमानाने ठरलेली असते.

प्राथमिक शाळेत इंग्रजीचा शिरकाव त्यानंतर बऱ्याच काळाने झाला. २०११मध्ये पाचवी-सहावीला वर्षाकाठी ३५ तासांची 'परकीय भाषेची ओळख' सक्तीची झाली. २०२०मध्ये ती ओळख तिसरी-चौथीवर आली आणि पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुण देण्याचा विषय झाला, वर्षाला ७० तास. तास ४५ मिनिटांचा. वर्गशिक्षकांपैकी अनेकांनी इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं, त्यामुळे सहायकांची गरज वाढली. सगळीच गावं 'जेट'मधून माणसं घेत नाहीत. काही थेट नेमतात, काही खासगी कंपन्यांकडून घेतात. कंपनी निवडताना निविदा निघते. बाकं, खडू, दूध यांच्याप्रमाणे इंग्रजी बोलणारं माणूसही त्या कागदावर एक ओळ असतं.

कंपनीबरोबरचा करार कधी मनुष्यबळ पुरवण्याचा असतो, तर कधी पूर्ण काम बाहेरून करून घेण्याचा. दुसऱ्या प्रकारात वर्गशिक्षकाने सहायकाला थेट सूचना देणं कायद्यात बसत नाही. ती कंपनीमार्फत यायला हवी. माझा करार असाच होता. एका वर्गात, एका फळ्यासमोर दोघी उभ्या, पण 'आता हे चित्र दाखवा' एवढं सांगायचं तर कागदोपत्री ते गावाबाहेरच्या कचेरीतून फिरून यायला हवं. प्रत्यक्षात हा नियम आम्ही रोज मधल्या सुट्टीत, बोळात उभ्या उभ्या मोडत असू.

मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी मी 'सेन्सेई' होते, जशा बाकीच्या. मात्र मार्चमध्ये वर्तमानपत्रात जी यादी छापून आली, तिच्यात माझं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. बदली त्याचीच होते, ज्याची नेमणूक झालेली असते.

गाणी राहतात

शोध घेताना मी मागे मागे गेले आणि एका गमतीच्या जागी पोहोचले. जपानी शाळेतल्या निरोपाची सर्वांत जुनी गाणी परदेशी चालींवर आहेत आणि त्यांच्या इतिहासात करार संपलेला एक परदेशी शिक्षक आहे.

ल्यूथर व्हाइटिंग मेसन हे बॉस्टनच्या शाळांत संगीत शिकवत. १८८०मध्ये जपानच्या शिक्षण खात्याने त्यांना तोक्योला बोलावलं. इसावा शूजी यांच्याबरोबर त्यांनी प्राथमिक शाळांसाठी गीतसंग्रह तयार करण्याचं काम केलं आणि शिक्षक-प्रशिक्षण संस्थेला जोडलेल्या प्राथमिक शाळेत मुलांना शिकवलं. १८८१ हे वर्ष घातलेल्या पहिल्या भागात स्कॉटिश चालीवरचं ते गाणं आहे, जे आज 'होतारू नो हिकारी' म्हणून जपानभर निरोपाला गायलं जातं. दुकान बंद होण्याच्या वेळी वाजते तीही याच चालीची संथ आवृत्ती. १८८४च्या तिसऱ्या भागात 'आओगेबा तोओतोशी' आलं. शिक्षकांचे उपकार आठवणारं हे गाणं लोक अस्सल जपानी मानत आले. त्याचं मूळ १८७१च्या एका अमेरिकी शालेय गीतात असल्याचं २०११मध्ये एका जपानी अभ्यासकाने दाखवून दिलं.

तो तिसरा भाग निघाला तेव्हा मेसन जपानमध्ये नव्हते. १८८२मध्ये ते मायदेशी गेले आणि त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. मेइजी काळात असे शेकडो परदेशी पगारी नोकर म्हणून आणले गेले. काम शिकून झालं की जागा जपानी माणसाकडे जाई. धोरण म्हणून यात वावगं काही नव्हतं. निरोप मात्र माणसागणिक वेगळा मिळाला. लाफ्काडिओ हर्न १८९०-९१मध्ये याच शिमानेतल्या मात्सुए शहरात इंग्रजी शिकवत होते. तिथून निघतानाचे दिवस त्यांनी १८९४च्या पुस्तकात 'सायोनारा' या शेवटच्या प्रकरणात लिहिले. त्याच हर्न यांना तोक्योच्या विद्यापीठाने १९०३मध्ये करार न वाढवता मोकळं केलं. तोवर ते जपानी नागरिक झालेले होते.

आता प्राथमिक शाळांतही नवी गाणी आली आहेत. आमच्या शाळांत 'ताबिदाची नो हि नि' म्हणत. १९९१मध्ये साइतामा प्रांतातल्या चिचिबूमधल्या एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांनी शब्द लिहिले, संगीतशिक्षिकेने चाल लावली आणि शिक्षकांनी ते जाणाऱ्या मुलांना म्हणून दाखवलं. तिथून ते देशभर गेलं.

तीन शाळा

माझी सर्वांत मोठी शाळा तीनशे मुलांची. मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर तालमींमुळे इंग्रजीचे तास बंद होत, म्हणून तिथला शेवटचा तास लवकर आला. सूचनेप्रमाणे मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. दर तासाच्या शेवटी आम्ही 'सी यू नेक्स्ट टाइम' म्हणत असू. त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघेना. मी 'गुडबाय' म्हटलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने जपानीत विचारलं, "आज वेगळं का?" मी म्हटलं, "हेही एक असतं." तिने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. मुलांना खोटं सांगितलं नाही, एवढंच समाधान होतं आणि ते पुरेसं नव्हतं. एप्रिलमध्ये दारातून दुसरंच कुणी आत आलं असेल, तेव्हा त्या मुलीने काय समजूत करून घेतली असेल, हे मला आजही टोचतं.

दुसरी शाळा डोंगरातली, एकोणीस मुलांची. तिथे दोन इयत्ता एका खोलीत बसत. मुख्याध्यापकांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथे लपवायला जागाच नाही." शेवटच्या दिवशी मला एकोणीस पत्रांची शिवलेली वही मिळाली. प्रत्येक पत्राची पहिली तीन वाक्यं सारखी होती. वर्गशिक्षिकेने ती फळ्यावर लिहून दिली असणार. मी थोडी हिरमुसले. पण चौथं वाक्य ज्याचं त्याचं होतं. मी शाकाहारी, त्यामुळे शाळेतल्या जेवणाऐवजी घरून डबा नेत असे. ॲलर्जीच्या नियमांमुळे त्यातलं काही मुलांना देता येत नसे. तिसरीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, "तुमची पिवळी बटाट्याची भाजी मी तीन वर्षं फक्त पाहिली. मोठा झाल्यावर खाईन." त्या साच्याची किंमत मला तेव्हा कळली. काय लिहावं हे न सुचणाऱ्यालाही पहिली तीन वाक्यं हाताला धरून चौथ्यापर्यंत नेतात.

तिसऱ्या शाळेत रिनिन्शिकी महिन्याच्या अखेरीस होता. तोवर कंपनीची हरकत उरली नव्हती. चार शिक्षक जाणार होते. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून विचारलं, "तुम्हीही उभ्या राहाल ना?" मी म्हटलं, "माझं नाव यादीत नाही." त्या म्हणाल्या, "यादी शिक्षण मंडळाची. रंगमंच शाळेचा." अडचण एकच होती. प्रत्येकाच्या पुढच्या शाळेचं नाव सांगायची रीत आणि मला पुढची शाळा नव्हती. 'मायदेशी परतताहेत' असं म्हणणं सोपं होतं, पण मी ओसाकाला काम शोधायला जाणार होते. माझी पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "यांची पुढची शाळा अजून ठरायची आहे." बस्स, एवढंच. त्या वाक्याने मला शिक्षिका ठरवलं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर असं दुहेरी मिळालं. कागदावर मी शिक्षिका नव्हते. पण निरोपाच्या रीतीत जागा दिली, तिथे मी शिक्षिका होते. अडचण अशी, की ही जागा देणं न देणं त्या त्या मुख्याध्यापकाच्या मनावर राहतं. दरवर्षीच्या निविदेत माणूस बदलण्याची सोय आहे, त्याला निरोप देण्याची नाही. आणि यात परदेशी शिक्षकाचं जे नुकसान होतं, त्याहून मुलांचं अधिक होतं. जी शाळा माणसाने कसं निघावं हे इतक्या निगुतीने शिकवते, तीच शाळा काही माणसं न सांगता नाहीशी होतात, हेही मग नकळत शिकवून जाते.

जपानी मोठी माणसं 'सायोनारा' क्वचितच म्हणतात. प्राथमिक शाळेतली मुलं मात्र घरी जाताना शिक्षकांना रोज म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ 'तसं असेल तर'. आपण मराठीत निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. जपानी माणूस घरातून निघताना 'इत्ते किमासु' म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येते'.

समारंभानंतर मी दारातल्या कपाटात शाळेतले बूट काढून पिशवीत भरले आणि त्या कप्प्यावरची माझ्या नावाची पट्टी सोलून काढली. शाळेची देखभाल करणारे काका झाडू घेऊन तिथेच उभे होते. मी वाकून आभार मानले. ते म्हणाले, "इत्ते राश्शाई." म्हणजे, जाऊन ये.

मी म्हटलं, "इत्ते किमासु."