हाफ इंजिन की फुल इंजिन?



गेल्या महिन्यात इंदूरहून एका विद्यार्थ्याचा निरोप आला. त्याने जुनी यामाहा आरएक्स १०० विकत घेतली आहे. आधीच्या मालकाने तिला उंच हँडल आणि मोठ्या गुट्ट्यांचे टायर लावून मातीत पळवायला तयार केली होती. आता ती चढावर दम टाकते. एक मिस्त्री म्हणतो, "हाफ इंजिन करून टाक." दुसरा म्हणतो, "फुल इंजिन असेल तरच हात लावतो." मुलगा विचारतो, "सर, कोणाचं ऐकू?"

माझं उत्तर असं की, अजून कोणाचंच ऐकू नकोस. दोघांनीही काही मोजलेलं नाही.

आधी शब्द समजून घेऊ. हाफ इंजिन म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा, म्हणजे वरचं काम. फुल इंजिन म्हणजे क्रँककेसचे दोन्ही भाग वेगळे करून क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, ऑइल सील आणि गिअर यांच्यापर्यंत जाणं. पहिल्यात एक दिवस आणि थोडे पैसे जातात. दुसऱ्यात कधी कधी गाडीच्या किमतीइतका खर्च येतो.

लष्करात दुरुस्तीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. काही कामं युनिटमध्येच होतात, काही वर्कशॉपमध्ये, आणि संपूर्ण ओव्हरहॉल बेस वर्कशॉपमध्ये. जागेवर होण्यासारखं नसेल त्याला आम्ही 'बीएलआर' म्हणायचो, म्हणजे बियाँड लोकल रिपेअर. दुरुस्ती परवडतच नसेल तर 'बीईआर', बियाँड इकॉनॉमिक रिपेअर. हा शिक्का तपासणीनंतर बसतो, अंदाजाने नाही. तीच पद्धत घरच्या मोटारसायकललाही लावता येते.

पहिली तपासणी कागदाची. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर एक रुपयाही खर्च करू नका. आधी तो प्रश्न सोडवा.

दुसरी तपासणी इंजिन न उघडता. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत जातं, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं असण्याची शक्यता आहे; इंजिन ते तेल ओढून जाळतंय. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन उगाच वर चढत असेल, तर कुठून तरी जास्तीची हवा आत जाते आहे. मॅग्नेटच्या बाजूचं सील हा त्यातला नेहमीचा संशयित. जोर लावताना गिअर सुटत असेल तर वरच्या कामाने तो बरा होणार नाही, कारण तो दोष केसच्या आत आहे.

मग दाबाची चाचणी. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून दोन्ही तोंडं रबराने घट्ट बंद करायची. एका बुचात नळी बसवून रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडायचा. २५० ते ३०० पर्यंत काटा चढवा. तो दाब सुमारे ५ ते ६ पीएसआय होतो. यापेक्षा जास्त दाब देऊ नका. काटा भरभर उतरला तर गळती आहे. सांध्यांवर साबणाचा फेस लावला की बुडबुडे जागा दाखवतात. काही इंजिनांत सील बाहेरून बदलता येतं, काहींत केस उघडावीच लागते. मॅन्युअल बघून ठरवा. एका सीलसाठी 'फुल इंजिन'चं बिल कशाला?

आता मातीतल्या गाडीची खास गोष्ट. टू-स्ट्रोक इंजिनात हवा आणि पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये. म्हणजे एअर फिल्टर फाटका असेल तर धूळ प्रथम खालच्या बेअरिंगांना भेटते, नंतर पिस्टनला. म्हणून ब्लॉक काढल्यावर नुसता 'पिस्टन गेला' एवढं म्हणून थांबू नका. तो कशाने गेला ते वाचा. कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन घासून मंद, राखाडी झाला असेल आणि बारीक उभ्या रेषा असतील, तर धूळ आत गेली आहे, खालीही संशय घ्या. माथ्यावर टोचल्यासारखे खड्डे असतील तर कुठला तरी धातूचा कण फिरून गेला आहे. तो आला कुठून ते सापडेपर्यंत इंजिन बांधू नका. फक्त एग्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर उष्णतेने पकडल्याचा संशय येतो. तिथे तेलाचं प्रमाण, कार्बोरेटरचा जेट आणि हवेची गळती तपासायची. खालचा भाग शाबूत असू शकतो.

शेवटी रॉड. क्रँक सगळ्यात वर आणा, रॉड पेट्रोलने धुवा, कारण तेलाच्या थरात ढिलाई लपते. मग दोन्ही हातांनी सरळ वर-खाली ओढा. बाजूला थोडा सरकणं हे त्याच्या रचनेतच आहे, त्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. पण वर-खाली बोटांना जराही 'टक' जाणवलं, तर निर्णय झाला. केस उघडायची.

ही 'टक' मी एकदा ऐकून सोडून दिली होती. महूला असताना एका तरुण लेफ्टनंटच्या जुन्या गाडीचं हाफ इंजिन मी हौसेने केलं. रॉडमध्ये किंचित ढिलाई होती. मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय, पुढच्या वर्षी बघू. नवा पिस्टन, ताज्या रिंगा, गाडी बाणासारखी पळायला लागली. वाढलेल्या दाबाचा सगळा मार त्या थकलेल्या बेअरिंगवर बसला. दोन महिन्यांत ते उतारावर पकडलं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि तो पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. तो हसत म्हणाला, "सर, गाडी मात्र मस्त पळत होती." मला हसू आलं नाही. चूक पान्याची नव्हती, माझ्या निर्णयाची होती.

म्हणून कमी करण्याचा मोह टाळा. पण त्याच्या उलट मोहही तितकाच महाग पडतो: "आता उघडलंच आहे, तर सगळंच बदलू." इथे नियम सोपा आहे. केस उघडल्याशिवाय जिथे हात पोहोचत नाही ते त्याच वेळी करा, म्हणजे सील, क्रँकची बेअरिंगं, गिअरच्या दातांची आणि फोर्कची तपासणी. जे नंतर बाहेरून करता येतं ते थांबू द्या: क्लच प्लेट, कार्बोरेटर, सायलेन्सर. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. तिचे मूळ भाग चांगले असतील तर नव्या स्वस्त भागांसाठी फेकू नका.

ब्लॉक बोअर करायचा असेल तर आधी पिस्टन आणा, मग त्याच्या मापाने बोअर करून घ्या. मूळ बोअर ५० मिलिमीटरचा आहे. मोठे पिस्टन सहसा पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. लागेल तेवढाच टप्पा घ्या, पुढच्या दुरुस्तीसाठी धातू शिल्लक राहील. रॉड बदलणं मात्र घरचं काम नाही. क्रँक प्रेसवर सुटा करून पुन्हा जुळवावा लागतो आणि डायल गेजवर सरळ आहे का ते बघावं लागतं. हातोड्याने जुळवणाऱ्याला नमस्कार करून परत या. हे आपलं बीएलआर.

आणि बीईआर? साखळी तुटून पुढच्या स्प्रॉकेटजवळ केस फुटलेली असेल, किंवा बेअरिंग आपल्या जागेतच फिरत असेल, तर कागद घेऊन हिशेब मांडा. केसवरच इंजिन नंबर असतो, त्यामुळे दुसरी केस बसवणं म्हणजे आरटीओचंही काम आलं. एका बाजूला सगळा खर्च, दुसऱ्या बाजूला तशीच चालू गाडी किती रुपयांना मिळेल ते लिहा. आठवणींची किंमत धरायची असेल तर जरूर धरा, पण ती वेगळ्या ओळीत लिहा.

तर इंदूरच्या मित्रा, आधी कागद, मग दाबाची चाचणी, मग ब्लॉक, मग रॉड. प्रत्येक पायरीवर दिसलं ते वहीत लिही. ती वही घेऊन मिस्त्रीकडे जा. तोही तुझ्याशी वेगळ्या सुरात बोलेल. आणि इंजिन बांधून झालं की पहिले काही दिवस दोन बोटं क्लचवर ठेवूनच चालव. इंजिन पकडलंच, तर तेवढाच क्षण हातात असतो.

पुढच्या भागात एअर फिल्टर धुणं आणि त्याला तेल लावणं. काम दहा मिनिटांचं आहे, आणि आजचा बराचसा खर्च त्यानेच वाचला असता.

नमस्कार.