ऊसतोड कामगार आणि फिरते आरोग्य पथक

दिवाळीच्या सुमारास नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी सुरत जिल्ह्यात जातात. कोसाड गाव २००६ साली सुरत महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्याच्या उत्तरेस सायण व तापीच्या दक्षिणेस बारडोली येथे सहकारी साखर कारखाने आहेत. मजुरांचे पडाव गावाबाहेर असतात. मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर मिळत असल्याने दिवसा दवाखान्यात जाणे म्हणजे त्या दिवसाची कमाई गमावणे होय. यास्तव स्वयंसेवी डॉक्टरांचे फिरते पथक सायंकाळी पडावावर पोचणे अगत्याचे ठरते.

तथापि, केवळ गोळ्या वाटल्याने हे कार्य पूर्ण होत नाही. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार ६ महिने चालतो. गळीत हंगामही जवळजवळ तितकाच. हंगामाच्या मध्यास निदान झालेल्या रुग्णाने गावी परतताना औषध सोडले, तर रोग उलटतो आणि नेहमीची औषधे निष्प्रभ ठरू शकतात. बालकांच्या ६, १० व १४ आठवड्यांच्या लसीही अशाच चुकतात.

म्हणून पथकाने दिलेले नोंदपत्रक औषधाइतकेच मोलाचे आहे. क्षयरोगाची औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि निक्षय क्रमांकाच्या आधारे उपचार दुसऱ्या राज्यातही पुढे चालू ठेवता येतो. ग्रामसेवक, शिक्षक व आशा कार्यकर्तींनी कुटुंबे गाव सोडताना व परतताना ही पत्रके अवश्य पाहावीत. मजूर स्थलांतर करतो. त्याच्याबरोबर त्याच्या उपचाराचेही स्थलांतर व्हावयास हवे.